राखेला डिंक

कोराडीच्या पलीकडे, चिमण्यांच्या मागे
राखेचा तलाव सुकला की त्याच्या टेकड्या होतात.
उन्हाळ्यात दुपारी दोनला वारा सुटतो
आणि टेकडी वीतभर गावाकडे सरकते.
यशोदा उईके म्हणते,
"भाकर थापली तं पिठात राख,
लेकराच्या डोळ्यात राख.
मेल्यावर व्हाची, ते जितेपणीच होऊन राह्यली बापा."

मी टँकर चालवतो.
कागद गिरणीचं काळं पाणी,
बांबू शिजवून उरलेलं.
पांढरं होतं ते कागदाने नेलं:
सातबारे, लग्नपत्रिका, पोरांच्या वह्या.
काळं नाल्यात जायचं.
अकरा वर्षं मीच सोडलं,
रात्री, दिवे बंद करून.

प्रयोगशाळेच्या नंदेश्वर मॅडमनी
बाटली उन्हात धरली. कडेला लालसर, चहासारखं.
"बांबू उभा राहतो तो याच्या जोरावर," म्हणाल्या.
"हा त्याचा डिंक. आणि ही राख कशाची?"
कोळशाची.
"कोळसा कशाचा?"
मी गप्प.
मग उमरेडच्या खाणीतला भाऊ आठवला,
त्याने एकदा पिशवीतून आणलेला दगड,
शीर न शीर उठलेलं पान त्यावर,
कुठल्या झाडाचं, ते सांगायला कोणी उरलेलं नाही.

एक जंगल जळून इथे पडलं होतं
आणि दुसऱ्याचा चीक
माझ्या टाकीत डुचमळत होता.

पाच पट पाणी घालून फवारलं.
सडक्या कोबीचा वास, दोन दिवस जेवण गेलं नाही.
तिसऱ्या दिवशी टेकडीवर साय धरली,
तपकिरी, बोट लावलं तर कुरकुरणारी.
दोन वाजता वारा आला,
टेकडीवर हात फिरवून रिकामाच गेला.
मारवेलचं बी, थोडी कुसळी, शेणात कालवून फेकली.
उत्तरेची बाजू ऑगस्टात खचली,
सगळं वाहून कोलार नदीत.
मॅडम काठावर उभ्या, वहीत काही लिहीत नव्हत्या.
पुन्हा फवारलं.

दिवाळीनंतर टँकर घेऊन गेलो
तर दक्षिणेच्या उतारावर
धुर्व्याच्या सात बकऱ्या.
मॅडम ओरडत धावल्या,
"हाकला त्यांना! हे गवत खायचं नाही!"
मीही धावलो, दगड उचलला,
पण हसू आवरेना.
आजवर या टेकडीकडे
एक बकरी फिरकली नव्हती.