फणीतून जाणारी गाठ

रिपोर्टच्या पाकिटाच्या पाठीवर
डॉक्टर हत्तुरे बाईंनी तीन चित्रं काढली,
बॉलपेननं, घाईत.
मी म्हटलं, कांडीसारखं दिसतंय.
हसल्या नाहीत.
हे लहान आतडं, म्हणाल्या, हे मोठं,
आणि मधलं हे फूटभर, ते काढायचं.

त्याआधी नऊ महिने टीबीच्या गोळ्या.
लघवी लाल, वजन खाली,
साखर पेठेत ज्यानं त्यानं एकेक वैद्य सुचवलेला.
मग नाव कळलं. क्रोन.
अम्मानं विचारलं, कोण?
कोण नाही गं, क्रोन.
तिनं मान हलवली, पण तिच्यासाठी तो कोणीतरीच राहिला.

पहिलं चित्र: टोकाला टोक, हातानं टाके.
दुसरं: दोन नळ्या कुशीला कूस,
मध्ये स्टेपलर, खटाखट, तोंड रुंद.
वेळ वाचतो, स्टेपलरचे पैसे वेगळे.
तिसरं त्यांनी सावकाश काढलं.
आतड्याला एका कडेनं धरून ठेवणारा चरबीचा पडदा असतो,
दुखणं त्या कडेनं परत येतं असं वाटतं,
म्हणून तोंड उलट्या बाजूला उघडायचं,
आणि बंद केलेली दोन्ही टोकं मागे एकमेकांना शिवून
खांबासारखी उभी करायची, सांधा आत दबू नये म्हणून.
जपानकडची रीत. हात शिकलेला लागतो.

टिकतं कोणतं?
काही अभ्यास तिसऱ्याला चांगलं म्हणतात,
काहींना फरक दिसत नाही.
पण परत आलं तर सांध्यापाशीच येतं बहुतेक.

हे मला नवीन नव्हतं.
अम्मानं चाळीस वर्षं बीम सांधले.
संपत आलेल्या बीमची शेपटं, नव्याची तोंडं,
बावीसशे धागे समोरासमोर,
चिमटीत राख, एक पीळ,
पुढचा.
हजाराला ठरलेला दर.
घरी तेलुगूत आम्ही त्याला अतुकु म्हणतो,
कारखान्यात म्हणतात, झालं का?
नंतर सांधायचं मशीन आलं.
जकार्डचा जोखमीचा माल असला
की शेठ तरीही अम्मालाच हाक मारायचा.
मी तिथं जॉबर. मशीन आणा म्हणणाऱ्यांत मीही होतो,
घरात बोललो नव्हतो.

तिला पाकीट दाखवलं.
चष्मा न लावता बोटानं रेघा चाचपल्या तिनं.
म्हणाली, गाठ दिसली तर दिसू दे,
फणीतून गेली पाहिजे.
आणि मग,
डॉक्टरणीचे हात कसे आहेत रे?
मी पाहिलेच नव्हते.

पुढच्या खेपेला पाहिले.
नखं कापलेली. अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग,
तव्याचा असेल.
माझं कोणतं करणार, विचारलं.
आत बघून ठरवीन.
तुम्ही झोपलेले असाल.

पाच तास.
बाहेरच्या बाकावर अम्मा
अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसली होती,
बायको सांगते, चहासुद्धा तसाच गार झाला.

तिसऱ्या रात्री वारा सरला.
कॉटाकॉटांवरचे लोक जागे झाले,
कुणीतरी हसलं, कुणी शाब्बास म्हणालं.
अम्मा अंधारातून एवढंच म्हणाली,
गेली.

सहा महिन्यांनी दुर्बीण.
पडद्यावर माझं आतलं, ओलं, गुलाबी,
आणि बाईंचं बोट: हा सांधा.
हाताचा की मशीनचा, तेव्हा कुठं विचारलं.
हाताचा, म्हणाल्या, तिसरा.
तोंड रुंद आहे. छान आहे.
कडेला दोन बारीक ठिपके आहेत,
गोळी बदलून बघू.

घरी येऊन मी सांगितलं, रुंद आहे.
अम्मानं ज्वारीची भाकरी मोडून दुधात कुस्करली,
माझ्यापुढं सारली.
ठिपक्यांचं
अजून बोललो नाही.