तांबट आळी, नाशिक

वडनेरेकाका पाय पुढे करतात, तोंड खिडकीकडे.
मी टाचेची जखम सलाईनने धुते,
कागदी पट्टीने मोजते:
अडीच सेंटिमीटर. गेल्या मंगळवारीही अडीचच.

पॅड ओले करून लावते, नॉब हळू फिरवते.
मुंग्या आल्या का, हे त्यांना विचारून उपयोग नाही;
साखरेने पाय केव्हाच मुका केलाय.
अंगठा आपसूक हलला, की करंट जरासा मागे घेते.

"वायर तांब्याचीच ना?"
"हो, काका."
"ठोकून ठोकून तांबं आडमुठं होतं, पोरी.
मग ठोकायचं नाही. भट्टीत घालायचं, निववायचं,
मग वळतं."

समोर कुणीतरी घंगाळाचा काठ बडवतंय.
त्यांचा हात गुडघ्यावर तोच ठेका धरतो.

जखमेची कड गुलाबी वाटते.
की समोरच्या तांब्याचाच उजेड?
पट्टी पुन्हा धरते.