मिरजेत, एकाच गाण्याच्या सात तबकड्या

गाण्याचं नाव सांगत नाही.
सांगितलं तर मोबाइलवर शोधाल,
पहिलं सापडेल ते ऐकाल आणि म्हणाल, बरंय की.
सात वेळा ऐकावं लागतं ते.

मिशन हॉस्पिटलच्या मिस कॉल्टर मायदेशी निघाल्या
तेव्हा बोटीत सामानाला वजनाची अट होती,
म्हणून पेटी उतरली एक्स-रे खात्यात, माझ्या अप्पांकडे.
एक प्लेअर, चौदा तबकड्या,
त्यातल्या सात एकाच गाण्याच्या.
आई म्हणाली, विसरभोळ्या असतील बाई,
तेच तेच परत विकत घेतलं.

पहिलीत एक बाई सरळ गाते,
कडक इस्त्रीच्या परकरासारखं.
तो गेला, ती राहिली, चंद्र होता, घरभाडं थकलं होतं,
असं काहीसं.
माझं इंग्रजी पाचवीपासूनचं,
मला फक्त भाडं कळलं.

दुसरीत शब्दच नाहीत.
कुणीतरी तोंडावर वाटी धरून कर्णा वाजवतो
आणि मागे झाडूने ढोल,
सुपात तांदूळ पाखडावेत तसा.
मी विचारलं, गाणं कुठंय?
अप्पांनी खिडकीला एक फिल्म लावली,
कुणाचातरी डावा हात.
म्हणाले, ह्यात कातडी नाही, बांगडी नाही,
पण आईला दाखव, ती ओळखेल कुणाचा ते.
(आईने ओळखला नाही. पण मला पटलं.)

शनिवारी सतारमेकर गल्लीतून गौसभाई यायचे,
नखांत लाख, बाहीवर भोपळ्याचा भुसा.
डोळे मिटून बोटांवर मोजायचे.
दोन आवर्तनं. तीच दोन परत.
मग दोन परक्या मुलखात,
मग दोन घरी.
आठ झाली, मास्तर, तीनतालाची. आता बघा, पुन्हा निघाला.
पाचव्या तबकडीतला पियानोवाला
घराच्या दारापर्यंत यायचा
आणि कडी न वाजवताच ओट्यावर बसून राहायचा.
गौसभाई मांडीवर थाप धरून थांबलेले,
अप्पांच्या हातात चहा थांबलेला.
आणि तो यायचा, अर्धी मात्रा उशिरा,
वाट बघायला लावलेल्या जावयाच्या तोऱ्यात.
हरामखोर, म्हणायचे गौसभाई,
ज्या सुरात इतर लोक सुभानल्ला म्हणतात त्या सुरात.

एकदा म्हणाले,
भोपळा आतून कोरल्याशिवाय घुमत नाही.
ह्या लोकांनी गाणं कोरलंय.
सहावी मला आवडत नाही.
त्यात पन्नास व्हायोलिनं आहेत.

सातवीत पुन्हा पहिलीचीच बाई.
अप्पांना बऱ्याच दिवसांनी कळलं, वेष्टनावरचं नाव वाचून.
मध्ये वीस-बावीस वर्षं गेलेली,
आवाज तळाशी लागलेल्या दुधासारखा.
आता ती ओळ अर्धी म्हणते, उरलेली सोडून देते.
चंद्र वगळला. भाडं मात्र ठेवलं,
जवळजवळ बोलून, हिशेबाच्या वहीत बघत.
आणि तिथंच, त्या परक्या मुलखात,
तबकडीवर एक ओरखडा.
सुई उडायची,
बाई एकदम घरी यायची.
वाट कुणालाच माहीत नाही.

गौसभाई गेले. अप्पा गेले, त्यांच्याच खात्याच्या
वरच्या मजल्यावर.
परवा मिरज जंक्शनला गाडी दोन तास लेट,
माझ्या भाच्याने, अनुपने, कानात वायर घातली
आणि सातवी लावली, स्वच्छ, ओरखड्याशिवाय.
पहिल्यांदाच ऐकलं मी ते मधलं सगळं.
खास काही नव्हतं हो.
कुणीतरी जिन्यावरून उतरतं,
दिवा मालवायला विसरतं, परत चढतं.
मी मांडीवर मोजत होते, दोन, दोन, आणि
जिथं उडी यायची तिथं
माझा हात आपोआप उचलला गेला.
बाकावर शेजारी पेरूची पाटी घेऊन बसलेल्या बाईने विचारलं,
काय झालं, मुंगी चावली का?

हो म्हटलं.
एक किलो पेरू घेतले तिच्याकडून.
बाई अजून गात होती, घरापासून लांब.