चपला हातात

नंदुरबारला मिरचीच्या पथारीशेजारी
वळवी मॅडमनी दुर्बीण उभी केली
आणि आम्ही आळीपाळीने शिंकत
एकेक डोळा लावला.

वाटाण्याएवढा गुरू. अंगावर दोन फिके पट्टे,
आजूबाजूला चार ठिपके: त्याचे चंद्र.
"अकरा पृथ्व्या ओळीने मांडा,
तेव्हा कुठे याची रुंदी भरेल."

जमुनीने विचारलं, "मॅडम, तठे उतरानं कोठे?"
"कुठेच नाही. जमीनच नाही त्याला.
वायू, खाली आणखी दाट वायू,
दाबला जाऊन जाऊन त्याचाच समुद्र,
काठ नसलेला."
जमुनी गप्प. मग हळूच,
"मंग चपला हातमाच धरान्या का?"

एक लाल वादळ आहे म्हणे तिथे,
अख्खी पृथ्वी मावेल एवढं,
मॅडमच्या पणजीच्या आधीपासून घोंगावतंय.
आम्हाला दिसलं नाही. दुर्बीण लहान.
मी पथारीकडे पाहिलं,
राखणदाराच्या बल्बखाली
लालच लाल, पण वारा नाही.

दुसऱ्यांदा माझी पाळी आली तर भिंगात अंधार.
"मॅडम, गुरू पळाला!"
"तो नाही रे. आपण सरकलो.
पृथ्वी फिरते ना,"

पथारीसकट,
जमुनीच्या चपलांसकट,
नाकात अडकलेल्या
माझ्या शिंकेसकट.