नऊ तारीख

पेन्सिलीनंच लिहायचं, हे पहिल्याच आठवड्यात ठरलं.
नऊ मार्च. मग सोळा. मग पुन्हा नऊ,
कारण नऊला अहमदाबादहून एक्केचाळीस हजार तीनशे
आणि सोळाला चौपन्न.
खोडून खोडून कागद इतका विरलाय
की मार्चच्या एका चौकोनातून
एप्रिल डोकावतो.

रावपुऱ्यातले पंकिलभाई म्हणतात,
"आवी जशे, मास्तर. सीट हुं पकडी राखुं छुं."
अठ्ठेचाळीस तास धरतात. मग सुटते.
पाच वेळा माझी झालेली खिडकीची जागा
पाच वेळा दुसऱ्या कुणाची झाली.

नऊला पहाटे निघालं की नऊलाच रात्री पोहोचतं माणूस.
ऋजुतानं दहा ते पंधरा रजा टाकलीय,
पुढं आठवडाभर रात्रपाळी.
सोळाला गेलो तर ती दिवसा झोपलेली
आणि मी त्या न पाहिलेल्या घरात
भांड्याचा आवाज न करता चहा करणार,
साखर कुठं ठेवलीय हे न विचारता.

फॉर्ममध्ये मी 'अवलंबून' आहे.
टायपिस्टनं ते मोठ्यानं वाचलं
आणि रांगेतल्या दोघांनी मान वर केली.

मुख्याध्यापक विनोदी आहेत:
"फरांदे, डंडीला जाण्यासाठी शाळेला दांडी कधीपासून?"
मी दर वेळी हसतो.
महिन्याची नोटीस लागते. पत्र तयार आहे,
तारखेची जागा तेवढी कोरी.
अशी कोरी तारीख असलेली चार पत्रं आहेत टेबलाच्या खणात.
शाळेला, घरमालकाला, गॅस एजन्सीला.
चौथं कुणाला, ते राहू दे.

दांडिया बाजारात कुणी व्हिसाचं विचारत नाही.
विचारतात, "अजून इथंच?"
दुधाची पिशवी हातात असते माझ्या,
पुरावाच तो.
हल्ली दूध मागच्या गल्लीतून आणतो.

छाती साफ असल्याचा दाखला सहा महिन्यांचा.
म्हणजे एकवीस मार्चला माझी छाती
पुन्हा संशयास्पद.
नियम तसा नसतो म्हणे, एकदा अर्ज गेला की झालं.
पण रात्री दोन वाजता
नियम कुणाला पटतो?

तिनं मरिसेल नावाच्या बाईशी दोनदा पाळी बदलली.
मरिसेल आता रोज विचारते, आला का तो?
मी कधी न पाहिलेली एक बाई
डंडीत माझी वाट बघते,
तिच्याही रजा अडल्यात माझ्यापायी.
तिला काय म्हणावं, मरिसेलबाई, माफ करा?
पासपोर्ट कुठल्या शहरात आहे, एवढंही
मला माहीत नाही.

परवा बेल वाजली. कुरिअर.
जाड पाकीट. सही करताना माझं नाव मलाच
लांबलचक वाटलं.
वरच्या फणसेकाकूंचा गुडघ्याचा पट्टा निघाला.
वर नेऊन दिला, आणि बांधूनही दिला,
कारण त्यांना वेलक्रो कळेना.

आणि आज नऊ.
पहाटे चार पंचविसाचं विमान वेळेवर गेलं,
मी फोनवर पाहिलं.
मग उगाच बॅग काट्यावर ठेवली: साडेबावीस किलो.
अर्धा किलो अजून बसेल,
असा विचार आला, आणि मी चक्क
मेतकुटाचा डबा काढून आणला.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन.
"संपली नऊ," मी म्हणालो.
"इथं कुठं? इथं पावणेसात वाजतायत,
नदीवर जरासा उजेड आहे अजून.
थांब, स्पीकरवर टाकते, हाताला कांदा लागलाय."

तिच्या नऊ तारखेत मोहरी तडतडली.
मी इथं दहात,
दिवा न लावता,
ऐकत बसलो.