मनगट

स्वानेतीच्या डोंगरातलं दगडी देऊळ.
शिडीवर नाझिब्रोला, हातात पावाचा मऊ गोळा,
भिंतीवरची काजळी टिपते आहे.
किती शतकांच्या मेणबत्त्या!
"प्रार्थनाही डाग पाडतात," ती पुटपुटते,
काळा गोळा बादलीत टाकते.

बागेबाहेर काढताना
जी भाकर घाम गाळून मिळव म्हटलं होतं
तिनंच आज आदामाचा हात उजळतोय.

आधी कोपर. मग मनगट.
मनगटावर दुसऱ्याच कुणाची बोटं,
पंज्यावर खिळ्याची खूण.
आदामाची मूठ मात्र सैल, उघडी,
त्यानं काहीच धरलेलं नाही.

नाझिब्रोला थांबते.
बेझान पुरात गेला तेव्हा
तिच्या बोटांतून त्याची बोटं निसटली होती.
मनगट धरायला हवं होतं.

हव्वेच्या तोंडावरचा गिलावा कधीच पडलाय.
तिथं रंग भरायचा नाही, हा कामाचा नियम.
चेहरा देणारा देईल.

तळाशी मोडून पडलेली पाताळाची दारं,
विखुरलेल्या किल्ल्या, कड्या, बिजागऱ्या.
उजेड सरेपर्यंत ती मोजत राहते,
मग खाली उतरून उरलेला पाव खाते.

बाहेर एंगुरी नदी,
अजून काहीच परत न केलेली.