दुसरं गेट

हळ्ळूर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्याच नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून ह्यांना म्हणाल्या,
"भावकाण्णा, नडीरी."
मग माझ्याकडे वळून, "मनीमंदी एल्लारू."
घरचे सगळे.

जिना उतरताना हे म्हणाले,
"कन्नडात चालायला नडी म्हणतात,
आपल्यात नडलं म्हणजे अडलं.
मी आपला मराठी माणूस,
नडलेलाच बरा."
स्वतःच हसले.
तिसऱ्या पायरीला कठडा धरला.

खोटं कशाला बोलू,
आमच्या घरात चालायचा तो फक्त टीव्ही.
कोपऱ्यावरनं दूध आणायला स्कूटर,
मालूला क्लासला रिक्षा,
आणि संकेत खोलीतनं जेवायला आला
की परगावाहून आल्यासारखा वाटायचा.
मी तर दिवसभर ओट्याशी उभी.
तेच माझं चालणं,
असं बावीस वर्षं धरून चालले होते.

पहिल्या दिवशी निघालो, तर वरातच.
अनगोळच्या रस्त्यावर धुकं,
ह्यांची कानटोपी, तिच्यावर मफलर,
मालूचा बूट टाचेला चावणारा,
साडीखाली माझ्या पायात संकेतचे जुने स्पोर्ट शूज.
मुचंडीकर वहिनी रांगोळीवरून उठल्या,
"सगळीच निघालासा? कुणाचं काय झालं काय?"

संकेत पन्नास पावलं पुढं,
कानात दोन पांढरी बोंडं.
आमची त्याची ओळख नाही.

दुसऱ्या गेटाला घंटा झाली.
आडवा दांडा खाली यायच्या आत तो पलीकडे,
आम्ही तिघं अलीकडे.
मालगाडी. लोंढ्याकडची.
लाल धुरळ्यानं माखलेली,
संपेना म्हणजे संपेना.
मी मनात म्हटलं, बरं झालं,
इथूनच मागं फिरायला निमित्त.

बघते तर ह्यांचे ओठ हलतायत.
एकोणीस. वीस. एकवीस.
खानापुरात शाळेच्या कुंपणावर बसून
असेच डबे मोजायचे म्हणे.
हे मला आज कळतंय,
रेल्वे गेटावर, दुसऱ्याचे बूट घालून.

शेवटचा डबा गेला
आणि पलीकडे पोरगा दिसला.
बोंडं मुठीत. ओरडला,
"अठ्ठावन्न!"
"सत्तावन्न!" इकडून हे.
"गार्डाचा डबा धरलास तू!"
"धरायचाच असतोय की ओ पप्पा!"

दांडा वर गेला.
भांडण रूळ ओलांडून
व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली शिरलं,
आतली अख्खी फेरी मारली,
इंजिन डबा की इंजिन वेगळं,
मालूनं दोघांनाही वेड्यात काढलं,
आणि घर आलं.
किती चाललो ते कुणी मोजलं नाही.
चावणारा बूट मालूच्या हातात होता.

आज पावणेसहा.
मी अजून चहाचं आधण ठेवतेय,
तर दारात दोघं लेस बांधत बसलेले,
ह्यांच्या हातात मालूची जुनी वही, पेन्सिल.
"आटपा की! गाडी चुकंल."

फाटकाशी मुचंडीकर वहिनी.
"अगबाई, कुठल्या गाडीनं जायलासा?"

"मालगाडीनं," मी म्हटलं,
आणि ह्यांना गाठायला
चक्क पळाले.